इमारत जाणारच आहे, मग खत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोसायटीच्या सभेत, गेटवर, माहेरच्या फोनवरसुद्धा हेच विचारतात: इमारत पुनर्विकासाला जाणार, तरी तळमजल्याच्या पट्ट्यातल्या कुंती, अनंत, तगर या फुलझुडपांची एवढी उस्तवार कशाला?

अहो, करार अडतो, बिल्डर बदलतो. अनंताला लोह मात्र आजच लागतं. आमच्या पट्ट्यात जुन्या प्लास्टरचा राडारोडा पुरलेला आहे. त्यातल्या चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि अनंताला हवी आम्लधर्मी, सामू (pH) 5 ते 6च्या आसपास. मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना उचलता येईल असं लोह, द्यायचं, तेही पावसाचा जोर ओसरल्यावर, नाहीतर सगळं गटारात. करार होईपर्यंत थांबा, हे त्याला कसं सांगू? तगरीचं तसं नाही, ती कशातही जगते.

कुंतीबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललेले नाही. ती सासूबाईंनी लावलेली, माझ्या डोक्यावर गेलेली. माळ्याला मी ती कधी चौकोनी कापू दिली नाही. तिचा फुलोरा येतो फांदीच्या शेंड्याला. सारखी कात्री चालवली की हिरवी भिंत मिळते, वास मिळत नाही. उन्हाळाभर ताण बसलेला असतो, पहिला मोठा पाऊस झाला की काही दिवसांत अख्खं झुडूप एकदम पांढरं होतं.

माती परीक्षणासाठी बोअर मारायला माणसं आली तेव्हा मी ऑफिसात होते. परतले तर कुंती गुडघ्याएवढी उरलेली. फांद्या गेटपाशी ढिगाने टाकलेल्या, त्यांना लाल फळं तशीच. बुंध्याचा काप पिवळसर, गुळगुळीत, हाताला अजून ओला लागत होता. यंत्र उभं करायला जागा हवी होती म्हणे. बोअरवाला मुलगा म्हणाला, "ताई, नकाशात इथे मोकळी जागा आहे." त्याने नकाशा उघडून दाखवला. नारळ आणि आंब्याला गोल काढून नंबर घातलेले, आमचा पट्टा कोरा. सेक्रेटरी समजूत काढायला आले: "झाड असतं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतलीच असती हो. झुडूपच ना, नर्सरीतून नवं आणून देतो." त्यांना मी जे बोलले त्यातला एकही शब्द आज मागे घेणार नाही.

त्या रात्री मोबाइलच्या उजेडात बुंध्याभोवतीचा बोअरचा चिखल खुरप्याने खरवडून काढला. खत घातलं नाही; पानंच नाहीत तर खत पचवणार कोण? वाळका पाला पसरला, पाणी बेताने दिलं. अधूनमधून नखाने साल खरवडून बघायची, आत हिरवं दिसलं की पुन्हा वाट बघायची. आणि खरं सांगते, मधल्या दिवसांत मला तुमचंच म्हणणं पटायला लागलं होतं. अनंताकडेही मी फिरकले नाही.

मग सालीवर मोहरीएवढे हिरवे डोळे दिसले. फुटव्यांतले जोरदार तेवढे ठेवले, बाकीचे खुडले.

पूर्वी मी ठणकावून सांगायचे की कुंडीतली कुंती ही कुंतीच नव्हे. जागा सुटली की झाडही सोडावं. आता त्याच फुटव्यांवर पावसाळ्यात गुटी बांधते: पेन्सिलएवढ्या फांदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावायचं, प्लास्टिकने घट्ट गुंडाळायचं, मुळ्या दिसल्या की खालून कापायचं. खिडकीच्या ग्रिलमध्ये अशी रोपं उभी आहेत. ती तिचीच आहेत, पण सासूबाईंच्या हातची ती जमिनीतली. तेव्हाची मी चुकत होते, असं म्हणायला मी अजून तयार नाही.

करार आता झाल्यात जमा आहे म्हणतात. तरी नीमपेंड आणून ठेवली आहे, गणपती झाले की घालणार. बुंधा मुळासकट हलवायचा तर पावसाळ्याच्या तोंडाशी, मातीचा मोठा गोळा धरून. वसई-अलिबागकडे कुणाच्या अंगणात जागा असेल तर मला सांगा. जमिनीतली हवी, कुंडी नको.