पातळ हवेत ट्रेलर ओढताना: सिल्व्हराडोचं आतापर्यंतचं काम

कोलोरॅडोतलं डेन्व्हर ५,२८० फुटांवर आणि आय-सेव्हन्टी महामार्गावरच्या आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत सलग आठेक मैलांचा उतार, काही ठिकाणी सात टक्क्यांचा. परतताना हाच उतार चढ होऊन समोर येतो. आमचं कॅम्पिंग बहुतेक याच पट्ट्यात, त्यामुळे ट्रकवर जे काही काम चाललंय ते या एका रस्त्याला डोळ्यांसमोर ठेवून.

गाडी २०१५ची शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० पिकअप ट्रक: ५.३ लिटरचं व्ही-एट, सहा गिअरची ऑटोमॅटिक, फोर-व्हील ड्राइव्ह. एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे किती फेरे) ३.०८, म्हणजे रिकामी पळताना पेट्रोल वाचवणारा. ट्रेलर सामानासकट साडेपाच हजार पौंडांच्या थोडा वर. माणसं, सायकली, कूलर, जनरेटर सगळं लादून कॅट स्केलवर (ट्रकांच्या वजनकाट्यावर) काटा केला तेव्हा ट्रक आणि ट्रेलर मिळून ११,८०० पौंड भरले. काटा केल्याशिवाय पुढचा एक डॉलरही खर्च करू नका, असं माझं ठाम मत आहे. ब्रोशरमधलं ट्रेलरचं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं, आणि रिकामा ट्रेलर घेऊन फिरायला कोणी जात नाही.

हिवाळा: आधी कागदावर

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कागदावरचे ३५५ अश्वशक्ती बोगद्यापाशी २४०च्या आसपास उरतात. यात ट्रकचा काही दोष नाही, हवाच नाही तर तो तरी काय करणार? टो रेटिंगही (गाडी किती वजन ओढू शकते याचा कंपनीचा आकडा) या उंचीचा विचार करत नाही. जे२८०७ या प्रमाणित चाचणीतला चढ ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा. एसी पूर्ण चालू, बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे इंजिन तापवायला चाचणी कडक आहेच. पण तो चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो. आमचा डेन्व्हरला सुरू होतो तोच त्याहून वर. फोर्डच्या टोइंग गाइडमध्ये पेट्रोल गाड्यांसाठी दर हजार फुटांना एकत्रित वजनाची मर्यादा दोन टक्क्यांनी कमी धरा असं सांगितलेलं आहे. गाडी कोणत्याही कंपनीची असो, हा हिशेब जवळ ठेवावा.

आता चढाचं गणित. ११,८०० पौंडांना सात टक्के चढावर मागे खेचणारं बल सुमारे ८२५ पौंड. ताशी ५० मैल राखायचे तर नुसत्या चढासाठी ११० अश्वशक्ती. ट्रेलरच्या सपाट तोंडावर येणारा वारा आणि टायरचं घर्षण यांचे आणखी ५०-५५. गिअरबॉक्स आणि एक्सलमध्ये जाणारा भाग धरला की इंजिनाकडून दोनशेच्या आसपास हवेत. आहेत २४०, मग अडतं कुठे?

अडतं ते आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर. ३.०८ रेशोला तिसऱ्या गिअरमध्ये ५० मैलांवर इंजिन २,५०० फिरतं, आणि तिथे या उंचीवर जेमतेम ११५ अश्वशक्ती मिळतात. गाडी दुसरा टाकते, ३,८५० वर जाते, १९० पर्यंत पोचते. म्हणजे लागतात त्याहून थोडे कमीच. वेग ढळतो, ट्रान्समिशन पुन्हा विचारात पडतं. एक्सलचा रेशो ३.७३ केला तर त्याच दुसऱ्या गिअरमध्ये, त्याच वेगाला ४,६५० ते ४,७०० आरपीएम आणि सव्वादोनशेच्या आसपास ताकद. इंजिन तेच, हवा तीच, फक्त जिथे ताकद आहे तिथे त्याला फिरू दिलं.

कोल्ड एअर इनटेक, मोठा एक्झॉस्ट, ‘टोइंग ट्यून’ वगैरेंवर मी खर्च केला नाही तो म्हणूनच. आवाज छान येतो, मान्य. पण ११ हजार फुटांवर जी हवा वातावरणातच नाही ती इनटेक कुठून आणणार? सुपरचार्जर आणतो खरा, पण त्यासोबत उष्णता आणतो आणि चांगलं पेट्रोलही मागतो. इथल्या पंपांवर ‘रेग्युलर’ म्हणून ८५ ऑक्टेन मिळतं, गाडीचं मॅन्युअल ८७ मागतं. ट्रेलर मागे असताना मी ८७च्या खाली जात नाही. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

वसंत: क्राउन-पिनियन

रेशो बदलायचा म्हणजे एक्सलच्या मधल्या डिफरन्शियलमधली क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी बदलायची. फोर-व्हील असल्याने पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफरन्शियल एकाच रेशोचे करावे लागतात. खर्च तिथेच दुप्पट होतो. टू-व्हीलवाल्यांनी नशीब मानावं.

काम गिअर बसवणाऱ्या एका छोट्या दुकानात दिलं, पण मागचं हाउसिंग उघडताना उभा राहू दिलं तर देईन या अटीवर. पाहण्यासारखं असतं ते. नवा पिनियन बसवल्यावर मेकॅनिकने क्राउनच्या तीन-चार दातांना ब्रशने पिवळी पेस्ट फासली, चाक हाताने थोडं अडवून धरत पुढे-मागे फिरवलं आणि टॉर्च मारला. दातांवर जिथे पिनियन टेकला तिथली पेस्ट पुसली जाऊन अंड्याच्या आकाराचा डाग उमटला होता, पण जरा दाताच्या मुळाकडे सरकलेला. सगळं पुन्हा खोललं, शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदलली, पुन्हा पेस्ट. या वेळी डाग दाताच्या मधोमध आला, ओढणाऱ्या बाजूलाही आणि इंजिन ब्रेकिंगच्या (उतारावर इंजिन गाडीला रोखतं त्या) बाजूलाही. मग डायल लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, तपासला. तो मुळाकडचा डाग तसाच सोडला असता तरी गाडी चालली असतीच. पहिल्या मोठ्या घाटानंतर विव्हळायला लागली असती, एवढंच. दुकान निवडताना हा डाग दाखवता का, असं सरळ विचारा.

नंतर कॉम्प्युटरला नवा रेशो सांगणं आलं, नाहीतर स्पीडोमीटर आणि गिअर बदलण्याच्या वेळा दोन्ही बिघडतात. पहिले ५०० मैल ट्रेलर जोडायचा नाही, त्यानंतर डिफरन्शियलचं तेल बदलायचं. रिकाम्या गाडीला ६५ मैलांवर सहाव्या गिअरमध्ये आता १,४०० ऐवजी १,७०० आरपीएम. ॲव्हरेज थोडं पडलं, पडू दे.

त्याच सुमारास: उष्णता आणि पाणी

ट्रान्समिशनच्या तेलाचं तापमान ओबीडीत (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये) डोंगल लावून फोनवर पाहतो. जुन्या रेशोला, बोगद्याच्या अलीकडच्या सिल्व्हर प्लूम गावाच्या पुढे काटा २३० फॅरनहाइटपर्यंत जायचा. कारण वर आलंच: दुसरा-तिसरा-दुसरा अशी धरसोड, त्यात टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलामार्फत जोडणाऱ्या भागाचं) लॉक सुटतं आणि तेल नुसतं घुसळून तापतं. रेडिएटरपुढे वेगळा प्लेटचा कूलर बसवला, पण खरा फरक रेशोने पडला असावा. टो/हॉल (ओझं ओढण्याचा) मोड लावून, लिव्हर एमवर (मॅन्युअलवर) घेऊन गाडी दुसऱ्यात अडकवून ठेवली की आता २०५च्या आसपास स्थिर राहते. ४,६०० आरपीएमचा आवाज ऐकून शेजारच्या सीटवरून “अगं बाई, फुटेल ना ते!” असं येतं. फुटत नाही. पेट्रोल इंजिन त्यासाठीच बनलेलं असतं. त्याला कमी आरपीएमवर दामटणं जास्त वाईट.

रेडिएटर कॅपही नवी घातली. बोगद्याच्या उंचीवर उघडं पाणी सुमारे ८९ सेल्सियसलाच उकळतं. कूलंट तग धरतं ते सिस्टिममधल्या दाबावर, आणि दाब धरते ती कॅप. तिथे कुकरशिवाय तूरडाळ शिजवून पाहिलेल्या कोणालाही हे वेगळं समजवावं लागणार नाही.

ट्रेलरमधली पाण्याची टाकी आता रिकामीच नेतो, कॅम्पग्राउंडवर भरतो. ४० गॅलन म्हणजे ३३० पौंड, ते सहा हजार फूट फुकट वर का न्यायचे? फक्त टाकी ट्रेलरच्या पुढे आहे की मागे ते बघा. हिचवरचा (ट्रेलर जिथे ट्रकला जोडतो तिथला) भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के राहिला पाहिजे. टाकी रिकामी केल्याने तो दहाच्या खाली गेला तर ट्रेलरची शेपूट हलायला लागेल.

उन्हाळा: उतार

चढाबद्दल सगळे बोलतात, पण जीव जातो तो उतारावर. बोगदा ओलांडला की ब्रेक निकामी होऊन सुसाट सुटलेल्या ट्रकांना थांबवायचे रॅम्प लागतात. डेन्व्हरकडे उतरताना तर ट्रकवाल्यांनो फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत, अशा अर्थाची भलीमोठी पाटी आहे. ती ट्रेलरवाल्यांनाही लागू.

ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर, हे आपल्याकडे खंबाटकीत काय नि कसाऱ्यात काय, जुने ड्रायव्हर सांगतातच. इथे एक पुरवणी जोडावी लागते. पेट्रोल इंजिन ब्रेकिंग करतं ते बंद थ्रॉटलमागच्या निर्वात पोकळीवर, आणि बाहेरच्या हवेचाच दाब कमी असेल तर तो रेटाही कमी. म्हणजे पातळ हवा चढावर ताकद खाते तशी उतारावर ब्रेकिंगही खाते. ३.७३चा फायदा मला इथे जास्त जाणवला: दुसऱ्या गिअरमध्ये ४५ मैलांवर पूर्वी इंजिन ३,५०० फिरायचं, आता ४,२००. पायाने ब्रेक लावायचा तो अधूनमधून, ठामपणे, पाच-सात मैल वेग उतरेपर्यंत. मग सोडून द्यायचा. पाय ठेवून बसायचं नाही.

ट्रेलरचे ब्रेक विजेवरचे, कंट्रोलर ट्रकमध्ये. सपाट मोकळ्या रस्त्यावर २०-२५ मैलांवर हाताचं लिव्हर दाबून, चाकं लॉक व्हायच्या जरा अलीकडे गेन (ब्रेकच्या जोराचं सेटिंग) ठेवला आहे. सिल्व्हरथॉर्नला उतरल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने ट्रेलरच्या चारही हबचं (चाकांच्या मधल्या भागाचं) तापमान मोजायची सवय लावून घेतली, आणि तिनेच एक भानगड पकडून दिली. तीन हब १७० ते १८० अंश फॅरनहाइट, मागचा उजवा जेमतेम ९५. थंड हब पाहून बरं वाटू शकतं, पण त्याचा अर्थ ते चाक ब्रेकच लावत नव्हतं. एक्सलखालून जाणारी वायर क्रिंप (दाबून बसवलेल्या) कनेक्टरमध्ये हिरवी पडून कुजली होती. कापून सोल्डर केली, श्रिंक ट्यूब चढवली, आणि मग चारही ब्रेक ड्रमला हलके घासेपर्यंत स्टार व्हील (ब्रेक जुळवायचं दातेरी चाक) फिरवून थोडे मागे घेतले. पुढच्या उतारावर चारही आकडे एकमेकांच्या जवळ आले. थर्मामीटर वीस-तीस डॉलरला मिळतो, आजच घ्या.

आता बाकी आहे ते: ट्रेलरच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस, ट्रकला एलटी, म्हणजे जड ओझ्याचे, टायर (पण आहे त्याच व्यासाचे, मोठे घातले तर रेशोवर केलेला खर्च पाण्यात), आणि मागच्या लीफ स्प्रिंगला एअर बॅग लावायची की वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (हिचवरचा भार पुढच्या एक्सलवरही वाटणाऱ्या जोडणीचे) बार आणखी एक कडी ताणून भागेल, याचा निकाल. त्यासाठी पुन्हा काट्यावर जायचंय, या वेळी पुढच्या एक्सलचा भार बार लावून आणि काढून असा वेगवेगळा मोजायला. पानं पिवळी पडायच्या आत मोनार्क पास, ११,३१२ फूट.