आजीच्या हनुवटीवरचे ठिपके

आजी-आजोबांचा लग्नातला फोटो माजघराच्या भिंतीवरून उतरवला, तर तो फ्रेममधून निघेचना. कित्येक पावसाळ्यांच्या ओलीने वरचा जिलेटिनचा थर काचेला चिकटला होता. मी शहाणपणाने एक कोपरा ओढला आणि आजोबांच्या फेट्याचा तुरा काचेवरच राहिला. तिथेच हात आवरला.

मग काचेसकट स्कॅन. ऑफिसातल्या सीआयएस सेन्सरच्या पातळ स्कॅनरवर सगळं धूसर आलं, कारण त्याला स्कॅनरच्या काचेला टेकलेलंच नीट दिसतं. मित्राकडचा जुना, जाडजूड सीसीडी सेन्सरवाला कामी आला; त्याला काचेपासून थोडं दूरचंही स्पष्ट दिसतं. 4 बाय 6 इंचांचा फोटो 1200 डीपीआयला, म्हणजे इंचाला 1200 ठिपके, आणि बारीक छटाही जपणाऱ्या 16 बिट टिफ फाइलमध्ये. आणि फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल, म्हणजे एकाच फोटोच्या तीन वेगळ्या प्रती असतात. पिवळट-तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये काळेकुट्ट दिसतात, लाल चॅनलमध्ये जवळपास नाहीसे होतात. लाल ठेवला, बाकीचे दोन टाकून दिले. निम्मे डाग तिथेच गेले.

पुढे घाई नडली. एआयवाल्या एका अ‍ॅपमध्ये फोटो टाकला आणि दहा सेकंदांत मालिकेतली कुणीतरी सून समोर आली. गुळगुळीत गाल, पाणीदार डोळे आणि हनुवटीवरचं गोंदण साफ! त्याच्या लेखी तोही डागच.

मग फोटोशॉपमध्ये वेगळ्या लेयरवर, म्हणजे मूळ फोटोला धक्का न लावता वरच्या पारदर्शक थरावर, हाताने सुरुवात केली. मोकळ्या जागी डाग आजूबाजूच्या छटेत मिसळून टाकणारा हीलिंग ब्रश छान चालतो, पण शालूच्या काठाशी नेला की शेजारचा काळेपणा ओढून चिखल करतो. तिथे दुसरीकडचा तुकडा जसाच्या तसा उचलून ठेवणारा क्लोन स्टॅम्पच. नुसत्या चेहऱ्यावर तीन रात्री गेल्या, आणि हनुवटीवर अडलो. ठिपके सहा दिसत होते. गोंदण कोणतं, बुरशी कोणती?

आत्याला फोन केला. "पाचच रे. मधला मोठा, चार बाजूंना चार. मांडीवर बसून बोटाने मोजायचे मी." खाली उजवीकडचा एकटा पडलेला ठिपका काढला.

भावाला फोटो रंगीत हवा होता. पूर्वी ट्रंकेत असायचा तो शालू आत्याला हिरवा आठवतो, थोरल्या काकांना लाल. फोटोत दोन्ही राखाडीच दिसले असते. दोघं अजून भांडताहेत. मी काळा-पांढराच 12 बाय 18 मॅट कागदावर छापून घेतला आणि फ्रेमवाल्याला आधी बजावलं, काच आणि फोटोच्या मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घाल, फोटो काचेला टेकायला नको.