संक्रांतीची नाव

भोगीच्या रात्री आजी तीळ लावलेल्या बाजरीच्या चार भाकऱ्या मुद्दाम बाजूला काढून फडक्यात बांधायची. उद्याच्या संमेलनाची शिदोरी. सोबत कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी. गाळपेराच्या, म्हणजे नदीच्या गाळात पिकवलेल्या, त्या वांग्यांना जी चव, ती मला पुढं कुठल्याच बाजारात मिळाली नाही.

सकाळी भिलवडीच्या काठावरून नावेत बसायचं. समोर औदुंबर. गाव केवढंसं! दत्ताचं देऊळ, दगडी घाट, पेढ्याची आणि पूजेच्या ताटांची दुकानं, एस्टीचा थांबा. पण दर संक्रांतीला तिथं साहित्य संमेलन भरायचं, आणि आजही भरतं. सदानंद साहित्य मंडळ 1939 सालचं. कवी सुधांशु आणि म. भा. भोसले यांनी अकाली गेलेल्या आपल्या मित्राच्या, सदानंद सामंतांच्या आठवणीसाठी ते सुरू केलं. मित्राच्या आठवणीसाठी माणसं पाणपोई बांधतात, देवळाला घंटा देतात. या दोघांनी खेड्यात साहित्याचा उत्सव मांडला. मला याचं आजही फार अप्रूप वाटतं.

भाषणातलं आम्हा पोरांना काय कळणार? आम्ही मांडवाच्या कडेला बसून तिळगुळातले शेंगदाणे शोधत असू. पण कविता सुरू झाल्या की आजोबा गुडघ्यावर हात ठेवून सावरून बसायचे. एका वर्षी धोतर-पटक्यातले एक शेतकरी उठले. खिशातून चौघडी घातलेला वहीचा कागद काढला. घड्यांवर तो इतका विरला होता की मधली ओळ वाचताच येईना. ते थांबले, कागद मिटला आणि उरलेली कविता डोळे मिटून म्हणाले. ऊस तुटून गेल्यावर रित्या झालेल्या रानाची कविता होती. बायकांच्या बाजूनं कुणीतरी पदर डोळ्याला लावला. आमच्या आजीनंच.

2005 आणि 2019 च्या महापुरांनी हा सगळा काठ पाण्याखाली घातला. भिंतींवरच्या गाळाच्या रेघा मी पाहिल्यात. तरी संक्रांत आली की माणसं घाटाकडं वळतात.

परतताना नावेत अंधार पडू लागायचा. आजोबा त्या कवितेची शेवटची ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते. नावाडी म्हणाला, "अण्णा, पहिल्यापास्नं म्हणा की." आजोबांना सुरुवात आठवेना. मग आजीनं म्हटली, पहिल्या शब्दापासून, सगळी.