1949 चा स्पिनेट, प्लास्टिकचे एल्बो: बासचं काम संपलं

माझ्या स्पिनेटमधले, म्हणजे बुटक्या उभ्या पियानोतले, बासकडचे (खर्जाच्या बाजूचे) सगळे एल्बो बदलून झाले. मधला भाग उघडून ठेवलाय, वरच्या सप्तकांना अजून हात लावलेला नाही. स्पिनेट आतून न पाहिलेल्यांसाठी आधी यंत्र थोडक्यात सांगतो.

नेहमीच्या उभ्या पियानोत अ‍ॅक्शन, म्हणजे पट्टीचा दाब हॅमरपर्यंत (तारेवर आपटणाऱ्या हातोडीपर्यंत) नेणारी यंत्रणा, पट्ट्यांच्या वर बसते. स्पिनेट अमेरिकेत 1930 च्या दशकाच्या मध्यावर आला. काळ मंदीचा, घरं लहान, म्हणून उंची 36 ते 40 इंचांत बसवायची होती. त्यासाठी अ‍ॅक्शन पट्ट्यांच्या मागे, खाली उतरवली. पट्टी दाबली की तिचं मागचं टोक वर उठतं आणि एक तार (सुराची नव्हे, जोडणीची) वर ओढतं. तारेच्या खालच्या टोकाला आट्यांवर फिरवून बसवलेला एल्बो असतो, तो विपेनला (अ‍ॅक्शनमधल्या लाकडी तरफेला) उचलतो. पुढे विपेन जॅकला (त्यावरच्या छोट्या ढकलदांडीला) आणि जॅक हॅमरला ढकलतो. 1940 च्या दशकात बऱ्याच कारखान्यांनी हे एल्बो लाकडाऐवजी प्लास्टिकचे केले. ते प्लास्टिक वयाबरोबर ठिसूळ होत गेलं. माझ्या ओहायोतल्या तळघरात आलेला हा फुकटचा पियानो सिरियल नंबरवरून 1949 चा निघाला. पिवळट पडलेला एल्बो चिमटीत धरला तर खारीसारखा भुगा होतो.

लक्षण ओळखणं सोपं आहे. पट्टी पिसासारखी हलकी लागते, हॅमर जागचा हलत नाही आणि तळाशी प्लास्टिकचे तुकडे सापडतात. अशा वेळी तुटलेले तेवढेच बदलावेत असं कोणालाही वाटेल. माझं मत स्पष्ट आहे: बदलायचे तर 88 च्या 88. सगळे एकाच वयाचे, एकाच मालाचे. आज काळी चार गेली, उद्या शेजारची पांढरी पाच जाणार. सुपरग्लूचा तर विचारही करू नका, चिकटवलेल्या जागेच्या शेजारीच नवीन तडा जातो.

काम सुरू करण्याआधी अजून शाबूत असलेल्या काही एल्बोंवर तारेच्या वरच्या टोकापासून एल्बोच्या पिनपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवलं. हे माप पुढे फार उपयोगी पडतं, कारण एल्बो एकदा फुटला की तार आट्यांवर नेमकी किती आत होती याचा पुरावाच उरत नाही. मग सगळ्या तारा पट्ट्यांपासून सोडवल्या, क्रमाने एका लाकडी फळीला बांधल्या आणि अ‍ॅक्शन बाहेर काढली. नवे एल्बो जुन्याच सेंटर पिनवर (सांध्यातल्या बारीक धातूच्या पिनवर) दाबून बसणारे आहेत, त्यामुळे अ‍ॅक्शन न काढताही हे करता येतं म्हणतात. करता येत असेल, पण माझी पाठ आणि मान टेबलावरच्या कामाला राजी झाली.

जुना एल्बो ओढून काढू नये. कटरने चिरडावा, डोळ्यांना चष्मा लावून, कारण तुकडे उडतात. पिनला आडवा झटका बसला तर विपेनचा बारीक लाकडी काटा फुटतो, आणि मग काम दुप्पट. पिन सैल वाटली तर त्याच वेळी बदलावी; 20 नंबरची पिन 0.050 इंचांची, म्हणजे 1.27 मिमी, तिथून अर्ध्या नंबरने वर जायचं.

प्लास्टिक म्हणजे वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. कावाई ही पियानो कंपनी 1971 पासून अ‍ॅक्शनमध्ये एबीएस हे टणक प्लास्टिक वापरते आणि त्या पियानोंची तक्रार क्वचितच कानावर येते. उलट स्टाइनवे या पियानो कंपनीने 1962 मध्ये कापडी बुशिंगच्या (पिनभोवतीच्या अस्तराच्या) जागी टेफ्लॉन घातलं. टेफ्लॉन टिकलं, पण हवा बदलली की भोवतालचं लाकूड फुगायचं, आकसायचं आणि बुशिंग टिकटिक वाजायचं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी पुन्हा कापडावर आली. मुंबई-गोव्यातल्या जुन्या पियानोंची दुखणी निराळी: दमट हवेत बुशिंग आवळतात, लाकडाला वाळवी लागते.

बासचे हॅमर आता एका रेषेत आहेत. एल्बो तारेवर जास्त चढवला तर हॅमर रेलवरून (हॅमर टेकतात त्या आडव्या दांडीवरून) उचललेला राहतो, कमी चढवला तर पट्टी थोडी रिकामीच खाली जाते. दोन्हींच्या मधली जागा अर्ध्या फेऱ्याने सापडते. ट्यूनिंग एवढ्यात नाही, कारण त्यात पट्टीवर सारखे जोरदार ठोके द्यावे लागतात आणि वरच्या भागातले जुने एल्बो ते सोसणार नाहीत. पुढची नोंद मधला भाग बसल्यावर.