दुडकी चालवून दाखवा

पशुवैद्यकाच्या साडेपाच वर्षांच्या पदवीत घोडा आम्हाला भेटतो तो बहुतेक पुस्तकातच. महाविद्यालयाच्या दवाखान्यात गायी-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांची रांग असते. घोडा आलाच तर बघायला अख्खा वर्ग गोळा होतो. त्यामुळे आंतरवासितेच्या (इंटर्नशिपच्या) वर्षात सर सारंगखेड्याला निघाले, तेव्हा मी हट्टाने बरोबर गेले.

दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ही यात्रा म्हणजे घोड्यांचा मोठा बाजार. आत वळलेल्या कानांचे मारवाडी, काठेवाडी, गुलाबी कातडीचे पांढरे नुकरा. गिऱ्हाईक आधी भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांचे वळसे, बघतं. गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा आहे का, अशुभ भोवरा कुठे लपलाय का, पाय किती पांढरे. मग रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी झपझप चाल. खूर आणि दात यांची पाळी शेवटी, आणि तीही आली तर.

एका शेतकऱ्याला कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी आवडली होती. देवमण होता, चाल देखणी होती, भोवती गर्दी जमली होती. व्यापारी म्हणाला, "सहा वर्षांची आहे." शेतकऱ्याने सरांना हाक मारली, सरांनी माझ्याकडे बघितलं. "तोंड उघड."

वरच्या कोपऱ्यातल्या पटाशीच्या दातावर उभी खाच असते. साधारण दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्याला दाताच्या मध्यापर्यंत उतरते, विसाव्याला टोकाला पोचते. हिची मध्यावर आली होती. दात बाजूने पाहिले तर पुढे झुकलेले. एक-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, नऊ होत नाहीत. मी म्हटलं, "पंधराच्या आसपास."

"ताई, दात काय बघता? भोवरा बघा!" व्यापारी हसला. गर्दीही हसली. माझे कान तापले.

सर हसले नाहीत. "रेवाल पुरे. बाहेर रस्त्यावर दुडकी चालवून दाखवा."

यातली गोम मला तिथे कळली. रेवाल चालीत किरकोळ लंगडेपणा सहज झाकला जातो, आणि बाजारातली माती मऊ. दुडकीत, म्हणजे समोरासमोरचे तिरपे पाय जोडीने टाकत धावताना, कडक जमिनीवर, दुखरा पुढचा पाय टेकला की घोडा मान वर उचलतो. चार पावलांतच घोडीची मान उजव्या पायाला वर जाऊ लागली. खूर हाताला गरम लागत होता, घोट्यामागची नाडी ठणठणत होती. खुराच्या कडेने चिमटा दाबत गेले. एका खिळ्यापाशी तिने पाय असा ओढला की मी मागे बसलेच.

नाल नवी होती. खिळा जिवाला, म्हणजे खुराच्या आतल्या जिवंत भागाला, लागला होता. नालबंदाने नाल काढली, सरांनी खिळ्याचं भोक जरा मोठं केलं, आणि काळा, घाण वासाचा पू बाहेर आला. घोडीने लगेच पायावर भार दिला असं नाही, पण ती जबडा सैल सोडून उभी राहिली. खूर धुवून बांधला. धनुर्वाताचं इंजेक्शन सरांनी आधी भरलं, कारण घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा पाळीव प्राणी दुसरा नाही.

व्यापारी आता वेगळ्याच सुरात बोलू लागला. त्याला लंगडेपणा खरोखरच माहीत नव्हता असं मला वाटतं. वयाबद्दल मात्र तसं म्हणवत नाही.

मला वाटलं, सौदा मोडला. शेतकऱ्याने थोडा विचार करून विचारलं, "शिंगरू देईल का पण?"

सर म्हणाले, "या वयात गाभण राहते, पण तरुण घोडीइतकी खात्री नाही. सोनोग्राफी करा, मग ठरवा. आणि राहिली तर अकरा महिने सांभाळायची तयारी ठेवा."

दोघांनी हातावर रुमाल टाकला आणि खाली बोटं सरकू लागली. आकडा काय ठरला ते आम्हाला कळलं नाही. शेतकऱ्याने माझ्याकडून खुराची पट्टी कशी बदलायची ते मात्र दोनदा समजून घेतलं.