तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आमचा घोडा ८० किलोमीटर जाईल का?’

नाशिकच्या आसपास ज्यांच्या दारात घोडा आहे, त्यांचा हा प्रश्न ठरलेला असतो. ‘रोज रपेटीला नेतो, दमदार आहे, एन्ड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या ८० किलोमीटरला उतरवू का?’ अंदाज यावा म्हणून सांगतो: नाशिकहून त्र्यंबकेश्वर २८ किलोमीटर. तिथे जाऊन परत यायचं आणि पुन्हा जवळजवळ त्र्यंबकपर्यंत जायचं, म्हणजे ८०. नीट तयारी केलेला निरोगी घोडा एवढं जातो. पण या खेळात नुसतं पोचून भागत नाही. शेवटी पशुवैद्य घोडा तपासतात. नाडी ठरल्या वेळात उतरली नाही किंवा पाय लंगडताना दिसला, तर पहिला आलेला घोडाही बाद होतो. म्हणून माझा उलटा प्रश्न असतो: थांबल्यावर दहा मिनिटांनी त्याची नाडी किती भरते?

बहुतेकांनी ती मोजलेलीच नसते. साधा स्टेथोस्कोप घ्या आणि घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपराच्या मागे, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथे लावा. ‘लब-डब’ मिळून एक ठोका. पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४० असते. तपासणीला सहसा ६४ किंवा त्याखाली लागते. रोजच्या रपेटीनंतर ती दहा मिनिटांत ६४ च्या खाली येत नसेल, तर अंतर वाढवायचा विचार सध्या सोडा. महिनाभर वही ठेवलीत की घोडा तुमच्याशी आकड्यांत बोलायला लागतो.

तयारीत सगळ्यात मोठी चूक घाईची. दम तीन महिन्यांत येतो, स्नायूही साथ देतात. पण शिरा-कंडरांना त्याहून जास्त आणि हाडांना वर्षभर लागतं. दम आधी आणि पाय मागाहून, म्हणून घोडा तयार ‘दिसतो’ तेव्हाच पाय धरतो. पाच वर्षं पूर्ण होण्याआधी लांब पल्ला नकोच. पहिले सहा आठवडे बहुतेक पायचाल, मग थोडी थोडी दुडकी (ट्रॉट). आठवड्यातून एकच लांब रपेट, दोन दिवस पूर्ण विश्रांती, आणि अंतर व वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. आधी ४० किलोमीटरची स्पर्धा शांतपणे पार पाडा, ८० नंतर.

जमिनीचं भान ठेवा. गिरणारे, अंजनेरी भागातला मुरूम चांगला, पण त्यातला टोकदार खडा तळव्याला लागतो. पावसानंतरची काळी माती नाल उपटून काढते. डांबरावर दुडकी शक्यतो टाळा. उतारावर खाली उतरून लगाम धरून चाला. घोड्याच्या पुढच्या पायांवर एवढे उपकार दुसऱ्या कशाने होत नाहीत. नवे नाल स्पर्धेच्या पाच-सात दिवस आधी ठोका, आदल्या दिवशी कधीच नाही, कारण नालाचा एखादा खिळा खुराच्या आतल्या नाजूक भागाजवळ गेला तर ते दोन-तीन दिवसांनी कळतं.

आपल्याकडची एक खास अडचण आहे. येवल्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक देवमन (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा), इतर भोवरे आणि रवाल (न हिंदकळणारी जलद चाल) बघतं. मारवाडी, काठियावाडी घोड्याची रवाल बसायला सुखाची, पण तपासणीत लंगडेपणा दुडकीवर बघतात, आणि तीही हातात धरून, सरळ रेषेत. फक्त रवाल शिकलेला घोडा तिथे गोंधळतो आणि चाल संशयास्पद वाटते. रोज खोगीर काढल्यावर ४० पावलं सैल दोरीवर दुडकीने पळवा, वळवा, परत आणा.

आता मीठ आणि पाणी, कारण धडधाकट घोडे इथेच कोसळतात. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो, त्यामुळे घाम गेला की रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतका किंवा त्याहून खारट. पाणी जातं, मीठही जातं, रक्त मात्र खारट होत नाही, आणि मेंदूला तहान कळत नाही. उन्हात जोराच्या कामात मोठ्या घोड्याचा तासाला दहा लिटरच्या पुढे घाम जातो आणि तो शांतपणे पाण्याला नाक लावून बाजूला होतो. म्हणून सरावातच, रोजच्या चंदीत (दाण्याच्या खुराकात) दोन चमचे साधं मीठ सुरू करा. स्पर्धेत दोन भाग मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड, ओल्या कोंड्यात कालवून, घोडा पाणी प्यायल्यानंतरच द्या. न प्यायलेल्या घोड्याला मीठ चारलं तर आतलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि तो आणखी कोरडा पडतो. खाण्याचा सोडा घालू नका. घामातून क्लोराइड गेल्याने रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं, सोड्याने ते आणखी झुकतं. वाटेत द्राक्षबागांजवळच्या टाक्यांना तोंड लावू देऊ नका, त्यात फवारणीचं औषध असू शकतं.

लसूणघास आवडीने खातात, पण रोज भरपूर कॅल्शियम मिळालं की शरीर गरजेला हाडांतून ते काढायला विसरतं. मग दमल्यावर कूस उचकीसारखी, नाडीच्या ठोक्याला ठोका देत उडते. हे दिसलं की स्पर्धा संपली, पशुवैद्याला बोलवा. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करा. भरल्या पोटी बसून राहिलेल्या घोड्याचे पुठ्ठे दुसऱ्या दिवशी आखडतात. आखडला, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर एक पाऊलही चालवू नका. वेदनाशामक मनाने देऊ नका, कोरड्या पडलेल्या घोड्याची किडनी त्याने जाते.

स्पर्धेत तपासणीच्या थांब्याला येताना शेवटचा किलोमीटर पायचाल. तंग सैल करा, पाणी पाजा. गरम घोड्याला पाणी देऊ नये ही भीती सोडा. मान, छाती आणि मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूवर पाणी ओतत राहा. गार पाण्याने स्नायू आखडतात असं मानायचे, पण १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधीच्या अभ्यासात ते चालतं असं दिसलं. निफाडकडच्या थंड पहाटे मात्र पुठ्ठ्यावर झूल टाका. मग नाडी मोजा. ३८ मीटर दुडकीने जा, परत या, आणि निघाल्यापासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजा. आधी ६० आणि आता ६४ किंवा जास्त आली, तर आकडा नियमात बसला तरी घोडा दमलाय.

आणि शेवटची रेष ओलांडल्यावर लगेच ट्रॉलीत चढवू नका. हळू चालवा, गवत घाला, चंदी दुसऱ्या दिवशी. कुशीला कान लावून आतड्यांची गुरगुर ऐका, रात्री दोनदा तरी उठून लीद आणि लघवी बघा. सकाळी पाठीवर बोटं दाबत चला. पाठ दबली किंवा शेपूट उडाली तर खोगिराकडे बघा. मग त्याला पुन्हा ४० पावलं दुडकीने नेऊन आणा.