गोळी चुकवत नाहीत, पण...

आज आमच्या मावशींबरोबर एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, गेले होते. साठी ओलांडलीय त्यांनी. नवरा एड्सनं गेला, त्याच्या तेराव्यालाच सासरच्यांनी घराबाहेर काढलं. 2004 ला सरकारनं मोफत औषधं सुरू केली, म्हणून आज त्या आपल्यात आहेत. आता रिपोर्टमध्ये विषाणू सापडतही नाही. असं कायम राहिलं तर शरीरसंबंधातूनसुद्धा लागण होत नाही. एका ताटात जेवून तर कधीच होत नव्हती! तरी भावाच्या घरात त्यांचं ताट-वाटी वेगळी, मोरीजवळच्या फळीवर.

"गोळी चुकवत न्हाई गं, पण बोलायला कोण हाय?" रंकाळ्यावर बसून म्हणाल्या. झोप नाही, जेवण नको, तांबडा-पांढरासुद्धा नको. वयानं होतंय म्हणून हे सोडून देऊ नका. नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, मोफत. उद्या त्यांच्या शेजारी बसून लावणार आहे.